माचू पिक्चूला चालत जाताना: इंका ट्रेलची तयारी आणि ते चार दिवस

पेरूमधल्या माचू पिक्चूला, इंकांच्या डोंगरावरच्या पुरातन गावाला, ट्रेन आणि बस करून एका दिवसात जाऊन येता येतं, आणि बहुतेक लोक तसंच जातात. मग चार दिवस चालायचं कशाला? वाटेसाठी. पंधराव्या शतकात, इंका सम्राट पाचाकुतीच्या काळात माचू पिक्चू उभं राहिलं, आणि तिथे पोचायला केलेली दगडी फरसबंदीची वाट आजही बऱ्याच ठिकाणी जशीच्या तशी पायाखाली येते. या वाटेवरची पुरातन ठाणी ट्रेनच्या प्रवाशाला दिसतच नाहीत, कारण तिथे गाडीरस्ता गेलेलाच नाही. 'कापाक न्यान' हे इंकांच्या रस्त्यांचं जाळं आजच्या सहा देशांत पसरलं आहे आणि २०१४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. इंका ट्रेल हा त्याचा एक छोटासा तुकडा.

किती छोटा? सुमारे ४३ किलोमीटर. चार दिवस, तीन रात्री. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येतं. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यांना चार दिवसांत ४३ किलोमीटर म्हणजे शतपावली वाटते. पण अंतर बाजूला ठेवा आणि उंची बघा. कळसूबाई १,६४६ मीटर. या ट्रेकची सुरुवातच जवळपास २,७०० मीटरवर होते आणि सर्वांत उंच खिंड आहे ४,२१५ मीटरवर. हिमालयात हम्प्ता पास केला असेल, तर साधारण त्याच उंचीचा अंदाज धरा. इथे दमसास आणि पायांची ताकद लागतेच, पण ट्रेक बिघडतो तो बहुतेक वेळा घाईमुळे. ही घाई कुठे कुठे टाळायची, तेच खाली क्रमाने सांगतो.

आधी परवाना, मग विमान

विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आधी काढून ठेवू नका. या वाटेवर दिवसाला फक्त ५०० माणसांना सोडतात, आणि त्यात गाइड, आचारी, पोर्टर सगळे आले. म्हणजे प्रत्यक्ष ट्रेकरच्या वाट्याला २०० च्या आसपास जागा येतात. एकट्याने, आपलं आपण जाता येत नाही. अधिकृत एजन्सी आणि परवानाधारक गाइड बंधनकारक आहे, आणि परवाना एजन्सीमार्फतच निघतो. पुढच्या वर्षाचे परवाने साधारण आदल्या वर्षाच्या ऑक्टोबरच्या सुमारास खुले होतात. मे ते सप्टेंबरमधल्या तारखा लवकर संपतात, त्यामुळे सहा-आठ महिने आधी हालचाल करा. फेब्रुवारीत डागडुजीसाठी वाट पूर्ण बंद असते.

ऋतूंचा हिशोब आपल्या उलटा आहे. आपल्याकडे जून-जुलैत धो धो पाऊस असतो, तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो: दिवसा लख्ख ऊन, रात्री तंबूबाहेर शून्याच्या जवळपास. नोव्हेंबर ते मार्च पाऊस. मला विचाराल तर मे महिना सर्वांत चांगला. पाऊस नुकताच संपलेला, डोंगर अजून हिरवे आणि गर्दी थोडी कमी. जूनमध्ये जाणार असाल तर २४ तारखेला कुस्कोत, म्हणजे ट्रेकआधी जिथे उतरायचं त्या शहरात, इंती रायमी हा सूर्योत्सव असतो, हे लक्षात ठेवा. बघण्यासारखा असतो, पण त्या आठवड्यात हॉटेलं महाग होतात.

परवाना तुमच्या नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतो आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मराठी माणसाने इथे जरा जपून राहावं. आपल्या पासपोर्टात बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि एजन्सीचा फॉर्म भरताना आपण सवयीने नुसतं नाव-आडनाव लिहून मोकळे होतो. तसं करू नका. पासपोर्टावर जे अक्षर जसं आहे तसंच फॉर्मवर उतरवा. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला, तर एजन्सीला लगेच कळवा आणि जुना-नवा दोन्ही जवळ ठेवा. ट्रेकच्या नाक्यावर मूळ पासपोर्ट तपासतात. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही.

कागदपत्रांतल्या आणखी दोन-तीन गोष्टी. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल, तर भारतीय पासपोर्टधारकांना पेरूसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासातून काढावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकिटाआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या. भारतातून पेरूच्या राजधानीला, लिमाला, थेट विमान नाही, त्यामुळे मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही बघा. अमेरिकेतून जाणार असाल तर लागतोच.

आणि पीतज्वराची लस. कुस्को किंवा माचू पिक्चूला या रोगाची भीती नाही, म्हणून बरेच जण ती सोडून देतात. पण प्रश्न परतीचा आहे. पेरू पीतज्वराच्या यादीतला देश असल्याने तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात, तर लशीचं पिवळं कार्ड मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि केंद्रांवर तारखा लांबच्या मिळतात. तेव्हा परवाना हातात आला की पुढचं काम हेच. साठीच्या पुढचे असाल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

विमा काढताना 'ट्रेकिंग' हा शब्द पॉलिसीत शोधा आणि उंचीची मर्यादा वाचा. साध्या प्रवासविम्यात बऱ्याचदा साहसी प्रकार वगळलेले असतात. ४,५०० मीटरच्या वरपर्यंत संरक्षण देणारी पॉलिसी घ्या.

एजन्सी कशी निवडायची

दर अंदाजे सातशे ते हजार अमेरिकन डॉलरच्या घरात असतात. त्यात परवाना, गाइड, तंबू, जेवण, माचू पिक्चूचं तिकीट आणि परतीची ट्रेन येते. कुणी फारच स्वस्त सांगत असेल, तर तो पैसा कुठून वाचवतो हे विचारा. जेवण आणि तंबू कापले तर गिऱ्हाईक लगेच बोंब मारतं. बहुतेक वेळा कात्री लागते ती पोर्टरच्या मजुरीला.

आपण हातात काठी घेऊन धापा टाकत असतो आणि पाठीवर गॅस सिलिंडर, तंबू, स्टुलं घेतलेला माणूस आपल्याला मागे टाकून निघून जातो. हे पोर्टर बहुतेक आसपासच्या डोंगराळ गावांतले, केचुआ बोलणारे शेतकरी असतात. एकेकाळी त्यांच्यावर वाटेल तेवढं वजन लादलं जायचं. २००१ मध्ये पेरूने पोर्टरांसाठी कायदा केला आणि वजनाला २० किलोची मर्यादा आली. आता नाक्यावर प्रत्येकाचं ओझं काट्यावर ठेवून मोजतात. कायदा आहे, पण मजुरी, जेवण, झोपायची व्यवस्था, बूट हे सगळं अजूनही एजन्सीगणिक बदलतं. म्हणून ईमेलमध्ये सरळ प्रश्न टाका: पोर्टरना दिवसाला किती देता? ते झोपतात कुठे? त्यांना स्लीपिंग बॅग आणि मॅट तुम्ही देता का? चांगली एजन्सी आकड्यांसकट उत्तर देते. गोलमोल उत्तर आलं की पुढची बघा.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. मांस नको हे तर लिहाच, पण मासे आणि अंडं चालतं की नाही, तेही स्पष्ट लिहा, कारण तिकडे नुसतं 'शाकाहारी' म्हटल्यावर मासे ताटात येऊ शकतात. बाकी जेवणाची चिंता नको. किन्वाचं सूप, बटाट्याचे नाना प्रकार, भात, भाज्या, मका. एका तंबूत दोन शेगड्यांवर हे आचारी जे करतात ते बघून आपली लाज वाटते. शेवटच्या संध्याकाळी चक्क केकसुद्धा होतो, ओव्हन नसताना. तरी जिभेसाठी शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि चिक्की बरोबर असू द्या. पाकीटबंद न्या आणि विमानतळावर खाद्यपदार्थ असल्याचं जाहीर करा.

शरीराची तयारी

तीन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा पाठीवर सहा-सात किलो घेऊन चढ-उतार करा. पुण्यातल्यांना सिंहगड आहे, नाशिककरांना आजूबाजूला किल्लेच किल्ले आहेत, मुंबईत काहीच जमलं नाही तर इमारतीचे जिने आहेत. चढण्याइतकंच उतरण्याकडे लक्ष द्या. इंका ट्रेलवर दगडी पायऱ्यांचा उतार हजारोंनी आहे, आणि एक पायरी वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. मांड्या तयार नसतील तर तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात. काठ्या दोन घ्या, पण टोकाला रबरी टोपी हवी. उघड्या लोखंडी टोकाने दगड झिजतात म्हणून ती चालत नाहीत.

या सगळ्याने पाय तयार होतात, फुप्फुसं नाहीत. उंचीची सवय फक्त उंचीवर राहून होते, आणि तिथे रोज पाच किलोमीटर धावणाऱ्यालाही सवलत नाही. लिमा समुद्रकाठी आहे. तिथून सव्वा तासाच्या विमानाने तुम्ही थेट ३,४०० मीटरवर, कुस्कोत उतरता. डोकं जड होतं, झोप लागत नाही, दोन मजले चढून दम लागतो. ट्रेकच्या आधी किमान तीन रात्री या परिसरात काढा. जमल्यास उतरल्या दिवशीच खालच्या 'पवित्र खोऱ्यात' जा. उरुबांबा किंवा ओयांतायतांबो २,८००-२,९०० मीटरवर आहेत, तिथे झोप बरी लागते. मग पिसाकचे अवशेष, मोरायच्या वर्तुळाकार पायऱ्या, मारासची मिठागरं बघत एक-दोन दिवस काढून कुस्कोला या. सुट्टी कमी आहे म्हणून नेमके हेच दिवस कापले जातात. कापायचेच असतील तर लिमातले कापा.

पहिल्या दिवशी दारू नको, जेवण हलकं, पाणी भरपूर. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी अनेक जण घेतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. डोकेदुखी आणि मळमळ नेहमीची. मात्र बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही दिसलं तर गाइडला त्याच क्षणी सांगायचं. यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. ग्रुपचा मूड जाईल म्हणून गप्प बसणारे लोक मी पाहिले आहेत. तो भिडस्तपणा इथे महागात पडतो.

सॅकमध्ये काय

पोर्टरकडे द्यायच्या बॅगेला साधारण सात किलोची मर्यादा असते, आणि त्यात तुमची स्लीपिंग बॅगही आली. ती कुस्कोत भाड्याने मिळते, भारतातून ओढत नेऊ नका. कपडे थरांनी: घाम शोषणारा टीशर्ट, फ्लीस, वर वाऱ्या-पावसाचं जॅकेट. जीन्स नको. रात्रीसाठी थर्मल, लोकरी टोपी, हातमोजे. हेडटॉर्च लागतेच. बूट वापरून मऊ झालेले हवेत. आपण दिवसा जी सॅक वागवतो तिच्यात पाणी, पोंचो, सनस्क्रीन, थोडा खाऊ, ओआरएस, टॉयलेट पेपर आणि पासपोर्ट. उंचीवरचं ऊन थंडीमुळे जाणवत नाही, पण कान आणि मान सोलून काढतं. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या नेऊ नका. पक्की बाटली न्या, आचारी रोज उकळलेलं पाणी भरून देतात. सोल या स्थानिक चलनात सुट्ट्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण वाटेत एटीएम नाही आणि शेवटी पोर्टर, आचारी, गाइड यांना बक्षिसी द्यायची असते.

पहिला दिवस

ओयांतायतांबोहून गाडी तुम्हाला रेल्वेमार्गावरच्या 'किलोमीटर ८२' या ठिकाणी सोडते. नाक्यावर पासपोर्ट, पोर्टरांच्या ओझ्याची मोजणी, मग उरुबांबा नदीवरचा झुलता पूल. दिवस सोपा असतो. निवडुंग, धूळ, लांबवर व्हेरोनिका शिखराचं बर्फ. दुपारच्या सुमारास वाटेच्या एका वळणावर खाली पातायाक्ता दिसतं: नदीच्या वाकाबरोबर वळत गेलेल्या शेतीच्या पायऱ्या आणि वर घरांच्या भिंती. मुक्काम वायाबांबाच्या आसपास, सुमारे ३,००० मीटरवर. आज अंगात जोर असतो, पण तो आज खर्च करायचा नाही.

दुसरा दिवस

खरी कसोटी इथे. वायाबांबापासून वार्मिवान्युस्का खिंडीपर्यंत १,२०० मीटरचा चढ, म्हणजे पायथ्यापासून सिंहगड सलग दोनदा चढल्यासारखं, आणि तेही विरळ हवेत. आधी ओढ्याकाठचं शेवाळलेलं जंगल लागतं. सावली असते, बरं वाटतं. मग झाडं संपतात आणि समोर उघडा, पिवळ्या गवताचा उतार येतो. त्याच्या डोक्यावर खिंड दिसायला लागते. दिसत राहते. तास उलटतो तरी ती होती तिथेच असते, आणि वर चालणारी माणसं मुंगीएवढी.

इथे चालायची रीत अशी: बोलता येईल एवढाच वेग. बोलताना वाक्य तुटायला लागलं तर वेग जास्त आहे. पन्नास पावलं, चार श्वास, पुन्हा पन्नास पावलं. उभ्यानेच थांबा. दर वेळी बसलात तर अंग गार पडतं आणि उठणं जिवावर येतं. कोण पुढे गेलं ते बघू नका. पुढे एक आणि मागे एक असे दोन गाइड असतील तर मागच्याबरोबर चाला, गप्पा चांगल्या होतात. दुकानं वाटेच्या खालच्या भागातच आहेत. एकदा वर लागलात की काही मिळत नाही.

खिंडीत वारा हाडात शिरतो. फोटो काढा, जॅकेट चढवा, दहा मिनिटांत निघा. पलीकडे ६०० मीटरचा पायऱ्यांचा उतार पकायमायोच्या तळापर्यंत. मागून 'पोर्तेआदोरेस' अशी हाक आली, की डोंगराच्या बाजूला सरून उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीच नाही. वीस किलो घेऊन पळत उतरणाऱ्या माणसाची सॅक नुसती घासली तरी तोल जाऊ शकतो.

तिसरा दिवस

चालणं सर्वांत लांब, साधारण १६ किलोमीटर. आणि माझ्या मते हा अख्ख्या ट्रेकमधला सर्वांत सुंदर दिवस, माचू पिक्चू धरून.

सकाळी रुंकुराकाय हे गोलाकार ठाणं, मग जवळपास ३,९५० मीटरची दुसरी खिंड. तिथून पुढची वाट मोठ्या प्रमाणावर मूळची आहे, आणि चालताना जरा खाली वाकून बघा. फरसबंदीच्या कडेला पाणी काढून द्यायची नाळी आहे. वळणावर वाट दरीकडे कललेली नाही, डोंगराकडे आहे. कड्याला चिकटून जाताना खालून दगडी भिंत उचलून वाट पेललेली आहे. एका जागी कातळातल्या भेगेतून बोगदा काढून आत पायऱ्या खोदल्या आहेत. लोखंडी हत्यारं नव्हती, चाक वापरात नव्हतं. रायगडाच्या पायऱ्या आणि टाकी बघणाऱ्याला इथे थांबावंसं वाटणारच, तर थांबा. सायाकमार्का हे पुढचं ठाणं एका सुळक्यासारख्या सोंडेवर आहे. तिथे जायला मुख्य वाटेवरून अरुंद, खड्या अशा ९८ पायऱ्या चढाव्या लागतात. थकलेले लोक 'खालूनच दिसतंय की' म्हणून पुढे जातात. तुम्ही चढा.

मग ढगांतून जाणारा, शेवाळाने आणि ऑर्किडने भरलेला पट्टा, आणि फुयुपातामार्का. इथल्या एकाखाली एक केलेल्या दगडी कुंडांतून पाणी अजूनही वाहतं. यानंतर सुमारे हजार मीटरचा उतार. काठ्या पुढे टाका, पायऱ्या तिरक्या पावलाने उतरा, पावसाने दगड ओले असतील तर आणखी सावकाश. संध्याकाळी विन्याय वायना. तंबूत आडवं व्हायचा मोह होतो, पण उजेड असेल तर तिथल्या शेतीच्या पायऱ्या बघून या. पूर्ण डोंगर वरपासून खालपर्यंत कापून बसवला आहे, आणि माचू पिक्चूच्या मानाने इथे माणसं जवळपास नसतात.

बक्षिसीचा कार्यक्रम याच संध्याकाळी होतो, कारण पहाटे पोर्टर निघून जातात. ग्रुपने पैसे आधी जमवून, कुणाला किती हे गाइडला विचारून वेगवेगळी पाकिटं करा आणि शक्यतो ज्याच्या त्याच्या हातात द्या. 'सुल्पायकी' म्हणा, केचुआत धन्यवाद. स्पॅनिशमधल्या 'ग्रासियास'पेक्षा त्याला हसू जास्त मिळतं.

चौथा दिवस

साडेतीनला उठवतात. तळ आवरून पोर्टरना त्यांची पहाटेची ट्रेन गाठायची असते. नाका उघडतो साडेपाचला, तोवर रांगेत बसायचं. दार उघडलं की काही जण धावत सुटतात, 'सूर्यद्वारातून सूर्योदय' बघायला. अरुंद वाट, एका बाजूला खोल दरी, अर्धवट अंधार. धावू नका. सकाळी बऱ्याचदा धुकं असतं आणि काहीच दिसत नाही. थोडं उशिरा पोचणाऱ्याला धुकं विरताना गाव उघडं होताना दिसण्याची शक्यता उलट जास्त. शेवटी हातापायांवर चढायला लावणारा छोटासा खडा जिना आहे, आणि त्यानंतर थोड्याच वेळात इंती पुंकू, म्हणजेच ते सूर्यद्वार. तिथून माचू पिक्चू पाऊण तासाच्या उतारावर.

आत ठरलेल्या एकदिशा मार्गांनीच फिरावं लागतं. तुमच्या तिकिटावर कोणता मार्ग आहे आणि त्यातून गावाच्या आतल्या भागात जाता येतं की फक्त वरून बघता येतं, हे एजन्सीला बुकिंगच्या वेळीच विचारा. स्वच्छतागृह फक्त प्रवेशद्वाराबाहेर आहे. मोठी सॅक आत नेता येत नाही. हायराम बिंगहॅम हा अमेरिकन संशोधक इथे २४ जुलै १९११ रोजी आला आणि त्याच्यामुळे जगाला हे ठिकाण कळलं. पण त्याला वर नेलं ते स्थानिक शेतकरी मेल्चोर आर्तेआगाने, आणि त्याआधी १९०२ मध्ये कुस्कोचा आगुस्तीन लिसारागा येऊन गेला होता. गाइडला ही गोष्ट विचारा, खुलून सांगतात.

मग बसने खालचं आग्वास काल्येंतेस गाव, जेवण, आणि संध्याकाळकडची ट्रेन. ट्रेन दुपारी लवकरची घेऊ नका, नाहीतर माचू पिक्चू घड्याळाकडे बघत उरकावं लागतं.

चार दिवसांचा परवाना मिळालाच नाही तर? किलोमीटर १०४ पासून एका दिवसाचा छोटा ट्रेल आहे, त्यात विन्याय वायना आणि सूर्यद्वार दोन्ही येतात. त्यालाही परवाना लागतो, पण तो तुलनेने मिळतो. जास्त दिवस चालायचं असेल तर साल्कांताय, त्याची खिंड ४,६०० मीटरच्या वर. त्याला ट्रेलसारखा परवाना लागत नाही, पण वाटेत अवशेष फारसे नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी छोटा ट्रेल सुचवेन.

परतीची बॅग भरताना एक तपासणी करा. पेरूत कोकाची पानं चघळणं आणि कोकाचा चहा पिणं कायदेशीर आणि रोजचं आहे, उंचीवर तो बरा वाटतो, आणि दुकानात त्याच्या गोळ्या, चहाच्या पुड्या भेट म्हणून सुरेख बांधून मिळतात. भारतात कोकाची पानं अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात, अमेरिकेतही बंदी आहे. जॅकेटच्या खिशात राहिलेली चार पानं, सॅकच्या तळाशी पडलेली एक चहाची पुडी, सगळं कुस्कोतल्या हॉटेलातच काढून टाका.